नानांचा रेडिओ माणसांत बंद पडतो

भोरमध्ये रघुवीर गोळ्यांना सगळे नाना म्हणत. लग्न राहून गेलं ते गेलंच, आणि कचेरीतून निवृत्त झाल्यावर नदीकडच्या आळीतल्या दोन खोल्यांत ते अगदी एकटे पडले. एरवी दारात दूधवाल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. पण क्रिकेटची कसोटी लागली की आळी त्यांच्याकडे लोटायची, कारण व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ तेवढा त्यांच्याकडेच होता. नाना सतरंजी अंथरायचे, चहाचं आधण ठेवायचे. त्या चार-पाच दिवसांत त्यांचा आवाजसुद्धा बदलायचा.

त्या वर्षी इंग्लंडचा संघ आला आणि रेडिओने दगा दिला. ऐन रंगात खेळ आला की खरखर व्हायची, आवाज बारीक व्हायचा आणि रेडिओ मुका. लोक हळहळायचे, थोडा वेळ बसायचे, मग एकेक जण चपला शोधायला लागायचा.

नानांनी आधी विजेवर संशय घेतला. पण दिवा तर लख्ख जळत होता. छपरावरची एरियलची तार ओढून नीट बांधली. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. शेवटी रेडिओ धोतरात गुंडाळून बाजारात गेनू मेकॅनिककडे नेला. तिथं तो दिवसभर गात राहिला.

"नाना, याला काही झालेलं नाही," गेनू म्हणाला.

घरी एकटे असताना तर तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालायचा. आणि पुढच्या कसोटीला खोली भरली की पुन्हा बंद.

"नाना, तुमच्या रेडिओला माणसं सोसत न्हाईत बघा!" आळीतला सर्जेराव म्हणाला. सगळे हसले. नानाही हसले, पण ते वाक्य त्यांच्या मनातून काही जाईना.

सर्जेरावाने लवकरच छोटा ट्रान्झिस्टर आणला. मंडळी त्याच्या ओट्यावर जमू लागली.

एका दुपारी नानांनी हट्टाने सगळी मांडामांड पुन्हा केली. सतरंजी अंथरली. कसोटीला माणसांना जागा व्हावी म्हणून रेडिओखालचं टेबल बाहेर काढायचे तसं काढलं, रेडिओ उचलून कोनाड्यात बसवला आणि समोर एकटेच बसले. गाणी झाली, बातम्या झाल्या, शेतीचा कार्यक्रम सुरू झाला आणि खरखर होऊन रेडिओ थांबला. खोलीत दुसरा माणूस एकही नव्हता! नानांनी कोनाड्यात हात घातला तो चटका बसून मागे आला. रेडिओची पाठ भिंतीला टेकलेली. आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नव्हती. टेबलावर मोकळा असला की तो बरा असायचा.

"अरे, माणसांचा काही दोष नव्हता!" नाना मोठ्याने म्हणाले, आणि हे सांगावं कुणाला म्हणून दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी त्यांनी सर्जेरावाला गाठलं. "रेडिओ बरा झाला रे. उगाच तापत होता."

"व्हय? लई झ्याक झालं," म्हणत सर्जेराव पुढे निघाला.

पुढच्या कसोटीला नानांनी रेडिओ टेबलावर मांडला. चहाची भांडी घासून ठेवली. खेळ सुरू झाला, उपाहार झाला. रेडिओ एकदाही अडखळला नाही. ओट्यावरचा गलका इथवर ऐकू येत होता. नाना सतरंजीच्या कडेला बसून होते.

दुपारी शेजारच्या खोलीतली साळूबाई दारात आली. ती कधी खेळ ऐकायला आली नव्हती.

"आज मधीच गप न्हाई झाला ह्यो?"

"नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"म्या भिंतीपल्याडनं ऐकते की. त्यातलं मला काय बी उमगत न्हाई. पर घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

"मग आत या. चहा टाकतो."

"नगं. तव्यावर भाकर हाय."

ती गेली. नानांनी आवाज वाढवला. संध्याकाळी खेळ संपला आणि ते सतरंजी गुंडाळू लागले, तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली, "नाना, उद्या हाय का?"

"आहे," नाना म्हणाले. "उद्या आहे, परवाही आहे."