संकल्पात ‘ही’ चालत नाही

मुलगा आयर्लंडमध्ये असतो. आई गेल्यापासून तो दर रविवारी फोन करतो आणि बोलायला काही नसलं की मला सामान्यज्ञान पुरवतो. एका रविवारी त्यानं सांगितलं, की डब्लिनमध्ये प्रेयसीला ‘मॉट’ म्हणतात, कॉर्ककडे ‘ब्योर’, आणि खेड्यातले जुने लोक बायकोला नुसतं ‘हरसेल्फ’ म्हणतात. म्हणजे ‘ती स्वतः’. नाव नाहीच.

“बाबा, तुमच्यासारखेच आहेत हे लोक,” तो म्हणाला.

मला बरं वाटलं. इतक्या लांब आपलं गोत्र निघेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतही बायकोला नाव नसतं. संध्याकाळी बाकावर बसणाऱ्यांपैकी एकाच्या घरी ‘मंडळी’ असतात, दुसऱ्याकडे ‘होम मिनिस्टर’. वाघोलीत जमीन विकून आलेले एक गृहस्थ ‘कारभारीण’ म्हणतात. कारभार मात्र स्वतःच बघतात. माझी ‘ही’ होती. हाक मारायची तर ‘अगं’. शब्द जपून वापरावेत, असं मी वाचलं होतं.

गंमत म्हणजे तिचं नाव मीच ठेवलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. मी त्यासाठी महिनाभर पुस्तकं चाळली, एक सुंदर नाव शोधलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, जेवणाच्या पंगतीत एकदा उखाण्यात घेतलं आणि नंतर बँकेच्या कागदपत्रांच्या हवाली केलं. दारावरच्या पाटीवर अर्थातच माझं एकट्याचं नाव होतं. पाटी लहान होती.

शेवटच्या आजारात ती रुग्णालयात होती. सकाळी नर्स गोळ्या घेऊन यायची आणि तिला नावानं हाक मारायची.

“त्या पोरीला चार दिवसांत माझं नाव पाठ झालं,” ही म्हणाली. “तुम्हाला अजून वेळ लागेल ना?”

“घरी गेल्यावर मारतो हाक.”

“लिहून ठेवा कुठेतरी. विसराल.”

घरी मी एकटाच आलो.

परवा वर्षश्राद्ध झालं. मुलाला रजा नव्हती, म्हणून तो मोबाइलच्या पडद्यावर बसला आणि मी पाटावर. गुरुजी वयानं मुलाएवढेच. संकल्प सांगता सांगता थांबले. “काका, काकूंचं नाव?”

“आमची ही,” मी म्हणालो.

गुरुजींनी वर पाहिलं. “संकल्पात ‘ही’ चालत नाही, काका.”

नाव मला येत होतं. मृत्यूच्या दाखल्यासाठी मीच ते तीन वेळा लिहून दिलं होतं, शुद्धलेखनासह. पण तोंडातून निघेना. हातातल्या पळीतलं पाणी सांडलं. पडद्यावर मुलगा सांगायला पुढे झुकला. मी हातानं त्याला थांबवलं. निदान एवढं तरी दुसऱ्यावर ढकलायचं नव्हतं.

मग मी नाव घेतलं. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्यांनी दार उघडलं.

“हळू म्हटलंत तरी चालतं, काका,” गुरुजी म्हणाले.

“नाही चालत,” मी म्हणालो. “ती स्वयंपाकघरात असायची. हळू हाक मारली तर ऐकू जात नसे.”

मी पळी पुन्हा भरून घेतली.