गंगव्वाचं मत

निपाणीत गंगव्वाच्या सोप्यावर तिघी मैत्रिणी विड्या वळायला बसत. गंगव्वा, राजाबाई आणि सुलाबाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तोंडात पिक्चर. सुट्टीला टॉकीजला जायचं आणि पुढचा आठवडाभर त्या पिक्चरची पिसं काढायची, असा त्यांचा क्रम.

गंगव्वाचा नवरा सत्याप्पा, पोरगी रांगत असताना गोव्याला कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. तिनं विड्यांवर पोरीला वाढवलं. त्याचा विषय ती काढत नसे, मैत्रिणीही काढत नसत.

त्र्याऐंशी साली एक नवा पिक्चर लागला. त्यात घर सोडून गेलेला नवरा परत येतो आणि बायको त्याच्या तोंडावर दार लावते. सुलाबाई खूश झाली.

"अश्शी पायजे बघ बाई!"

राजाबाईला पटलं नाही. लहानपणी जत्रेच्या तंबूत तिनं असाच एक जुना पिक्चर पाहिला होता. "त्यातली बाई नवऱ्याचं पाय आसवांनी धुती. सगळा तंबू रडत हुता. ह्यात कोण रडलं, सांग की."

"रडाय कशाला पायजे? टाळ्या पडल्या न्हवं?"

बोलता बोलता दोघींची नजर गंगव्वाकडं गेली आणि त्या घाईनं सुपातला तंबाखू सारखा करू लागल्या. गंगव्वानं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला.

"मला दोन्ही पटलं न्हाय," ती म्हणाली. "दार लावलं, पाय धुतलं, पिक्चर सुटला. दुसऱ्या दिशी सकाळी काय केलं, ते कोण दावतंय?"

त्या दिवाळीनंतर एका दुपारी सत्याप्पा सोप्यासमोर येऊन उभा राहिला. केस पिकलेले, हातात पत्र्याची पेटी. मैत्रिणींचे हात थांबले. गंगव्वानं उठून तांब्याभर पाणी दिलं.

"जेवलासा?"

"न्हाय."

तिनं भाकरी-आमटी वाढली. खाली मान घालून तो म्हणाला, "गंगे, चुकलं माझं."

"जेवाय हितं येत जावा. झोपाय तुमच्या भावाच्या घरी जावा. पोरगी वळख धरू दे. मग बघू."

"ह्यो कसला शेवट गं?" तो गेल्यावर राजाबाई म्हणाली. "धड हिकडं न्हाय, धड तिकडं न्हाय." गंगव्वानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

सत्याप्पाला तंबाखूच्या वखारीत काम लागलं. संध्याकाळी येई, पाणी भरी, जेवून जाई. पोरगी आधी त्याच्यासमोर येत नव्हती, मग त्याला वाढायला लागली. पुढच्या पावसाळ्यात शाळेतून येताना तिची छत्री वाऱ्यानं उलटली, तेव्हा ती वाटेत भेटलेल्या बापाच्या घोंगड्यात शिरून घरी आली. त्या दिवशी गंगव्वानं सोप्यात त्याचं अंथरूण घातलं.

सुट्टीला तिघी मैत्रिणी सत्याप्पाला घेऊन पिक्चरला गेल्या. सत्याप्पा मध्यंतराच्या आधीच झोपला. दुसऱ्या दिवशी विड्या वळताना पिक्चरपेक्षा त्याच्या घोरण्याचीच चर्चा जास्त झाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होती गंगव्वा.