पूरपथकात आठवडाभर: मी, येझदी आणि अक्काच्या म्हशी

कोल्हापूरला पाणी चढतंय हे टीव्हीवर पाहिलं आणि मी ऑफिसात रजा टाकली. २००५चा तो पावसाळा. बायको म्हणाली, "तुला पोहता येत नाही. तू तिथे जाऊन वाचवणार कुणाला?" प्रश्न रास्त होता. माझ्या येझदी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधल्या आणि उजाडायच्या आत पुणं सोडलं.

कराडपर्यंत रस्ता झकास. साताऱ्याच्या पुढे एका टपरीवर गरम भजी खाल्ली, ती तेवढी खाऊनच पुढे जा, कारण नंतर धड काही मिळत नाही. कराड सोडल्यावर उसात पाणी दिसायला लागतं. पंचगंगेच्या पुलावरून मी पार झालो आणि माझ्यामागे शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. परत फिरावं की काय, हा विचार आपोआपच मिटला.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या पोरांनी पूरपथक काढलं होतं. आखाड्याच्या लाल मातीवर ताडपत्री, ताडपत्रीवर बिस्किटांची खोकी. पथकाचे प्रमुख रंगादादा. वय पन्नाशीचं, एकेकाळचे पेठेच्या संघाचे गोलकीपर, आवाज अजून मैदानावरचाच.

"पोहता येतंय?"

"थोडंफार."

"म्हंजी येत न्हाय. सैपाक?"

"चहा करतो चांगला."

"गाडी हाय?"

"येझदी आहे."

"मग टाकी फुल्ल करून या की पावणं! हितं काय करताय?"

झाली माझी भरती. तुम्हाला कधी असं जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: जुने कपडे गोळा करून नेऊ नका, ते तिथे ढिगाने पडलेले असतात. बॅटरी, लांब दोरी आणि भरपूर कोरडे मोजे न्या. राहणं आणि जेवण पथकाकडे. सकाळी कांदेपोहे, रात्री भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारी आमटी. पेट्रोल मात्र आपलं आपण. आणि तुम्हाला जे काम हवं असतं ते मिळेलच असं समजू नका.

मला होडीत बसायचं होतं, खरं सांगतो. नारिंगी जाकीट घालून कुणाला तरी हात देताना मी स्वतःला मनात पाहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस मी कागल आणि मुरगूडच्या मध्ये औषधं, दूध पावडर आणि निरोप पोचवत फिरलो. पाऊस थांबत नव्हता, रेनकोट आतून जास्त ओला होता, आणि मला रंगादादांचा चांगलाच राग आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुरगूडच्या अलीकडच्या एका गावाला होडीच्या इंजिनासाठी डिझेल घेऊन गेलो. रस्त्यावर रंगादादा कमरेवर हात ठेवून उभे होते. समोर अख्खं रान वेदगंगेच्या पाण्याखाली, आणि मधोमध उंचवट्यावर एकच घर. त्या घरात गौराक्का एकटी होती आणि ती यायला तयार नव्हती. तिच्या तीन म्हशी आणि एक रेडी तिच्याजवळ होती. होडी दोनदा जाऊन रिकामी परत आली होती.

"म्हशी पोहतात ना?" मी विचारलं.

"पोहत्यात की, पर गोठ्याकडंच वळत्यात परत," दादा म्हणाले. "अक्का होडीत बसली की चारी होडीवर चाल करत्यात. सकाळी उलथायचीच राहिली, तवा उतरली ती."

धरणातून आणखी पाणी सोडणार असल्याचा निरोप आला होता. म्हणजे संध्याकाळच्या आत अक्काला तिथून काढायचंच होतं, आणि जनावरांना तिथे सोडून ती हलणार नव्हती. दादांनी तिसऱ्यांदा होडी पाठवली ती तिला सरळ उचलून आणा असं सांगून. होडीवाला बापू मात्र पुन्हा एकटाच परत आला.

"अक्का इचारतीया, आत्ता येझदी कुनाची आली? म्हशींनी कान टवकारलं म्हनं."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. कोल्हापूरकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरू बांधतात आणि रस्त्यावरून पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढे आणि आपल्याच गाडीचा आवाज ओळखून त्याच्या म्हशी मागे. अक्काचा मुलगा परशा येझदीच पळवायचा, तीही सायलेन्सर काढून. मग तो फौजेत भरती झाला आणि गाडी विकली. म्हशींनी तो आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

रंगादादा माझ्या गाडीकडे वळले. "पावणं, सायलेन्सर काढा."

"दोन्ही?"

"मग काय एक देवाला ठेवताय व्हय?"

बापूने पाना आणला. मी ती गाडी माझ्या पहिल्या पगारापासून जिवापाड जपलेली. दोन्ही सायलेन्सर चिखलात पडलेले पाहून जीव तुटला, पण किक मारली आणि जो काही दणका उडाला त्याने माझेच कान बंद झाले. बापू पुन्हा होडी घेऊन उंचवट्याकडे गेला. तिकडे दोन म्हशी पाण्यात उतरल्या. मग तिसरी. रस्त्यावरची माणसं ओरडायला लागली.

रेडी मात्र उतरेना. ती परशाची गाडी विकल्यावर जन्मलेली, तिला हा आवाज माहीतच नव्हता. ती काठावर हंबरत राहिली आणि तिची आई अर्ध्या पाण्यातून मागे वळली. तिचं बघून बाकीच्या दोघीही घुटमळल्या. मी रेस वाढवली, काही उपयोग झाला नाही. त्या तिथेच वाहून जातील असं वाटायला लागलं.

"पावणं, जावा!" दादा माझ्या कानात ओरडले. "हाना गाडी! लांब जावा!"

"लांब गेलो तर त्यांना ऐकू कसं येणार?"

"पाडव्याला कोन थांबतंय व्हय? पळणाऱ्या गाडीच्या मागं पळत्यात त्या!"

मला ते अजिबात पटलं नव्हतं. तरी गिअर टाकला आणि मुरगूडच्या दिशेने सुटलो. रस्ता शेवाळलेला, आरसा थडथडत होता, त्यात काही दिसेना. मागे वळून बघितलं असतं तर सरळ रस्त्याकडेच्या चारीत गेलो असतो. नुसता आवाज करत पुढे जात राहिलो. मागे काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि आयुष्यात एवढा एकटा मी कधीच नव्हतो.

मग एका वळणावर रेस कमी केली तेव्हा मागून दादांची शिट्टी ऐकू आली. गाडी वळवून परत आलो तर रस्त्यावर चार काळ्या ओल्या पाठी उभ्या होत्या आणि होडीतून अक्का उतरत होती. कपाळावरची विभूती पावसाने धुऊन गालावर आलेली.

रेडी कशी आली हे मला पाच जणांनी पाच तऱ्हांनी सांगितलं. बापू म्हणे, आईने येऊन तिला हुंगलं. दादा म्हणे, गाडी दूर जाताना ऐकली आणि मोठ्या तिघी एकदम उसळल्या, त्यांच्यामागे तीही. अक्का म्हणाली, "मी मागनं एक रट्टा दिला."

मी किल्ली फिरवणार तोच तिने हात वर केला.

"बंद करू नगा. जरा राहू द्या."

ती गाडीजवळ उभी राहून ऐकत राहिली. "परशा असाच दारात थांबायचा, गाडी चालू ठिवून. मी वराडायची त्येच्यावर." तिने पदराने तोंड पुसलं. पेट्रोल वाया जातंय असं एरवी दर तासाला ओरडणारे रंगादादाही मला चालूच ठेवा अशी खूण करत होते. माझे डोळे भरून आले आणि पाऊस असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

नंतर तिने भर रस्त्यात म्हैस पिळली. धारोष्ण दूध, वर फेस, डब्याच्या झाकणातून सगळ्यांनी प्यायलं. कोल्हापूरला गेलात तर दूधकट्ट्यावर, जिथे गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात तिथे, उभं राहून असं दूध नक्की प्या, पण तसं मला पुन्हा मिळालेलं नाही.

पाणी उतरल्यावर पुण्याला परतलो. बायकोने विचारलं, "किती जणांना वाचवलंस?" मी म्हटलं, "पाच. त्यातल्या चार म्हशी." ती बराच वेळ हसली आणि मग सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

दिवाळीआधी परशाचा फोन आला, लांब उत्तरेतून, खरखरत. "रजा न्हाय मिळत ओ. आई म्हनतीया, पावण्यास्नी बोलवून घे. येता न्हवं?" गेलो. पुढच्या वर्षीही गेलो. परशा अजून तिकडेच आहे आणि पाडव्याला सायलेन्सर काढून अक्काच्या म्हशींपुढे मी असतो. रेडीची आता म्हैस झाली आहे आणि सगळ्यांच्या पुढे तीच पळते, असं अक्का सांगते. पुण्यातले मित्र विचारतात, शिंगं रंगवलेल्या म्हशी पळताना दिसतात तरी कशा? मला काय माहीत. आजवर मी त्यांना एकदाही पळताना पाहिलेलं नाही.