भाऊजींची ओरिजिनल गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांचं रंगाचं दुकान आहे. दुकान चालवतो त्यांचा नोकर. भाऊजी काउंटरमागे बसून गिऱ्हाइकाला सांगतात की त्याने निवडलेला रंग किती भिकार आहे. भिंत रंगवायला आलेला माणूस डबा घेऊन जातो आणि सोबत स्वतःच्या आवडीची लाजही घेऊन जातो. लग्न ठरल्यावर आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी रिकामी बशी उलटी करून बुडावरचा छाप वाचला आणि म्हणाले, "नक्कल आहे." आई हसली. ताईही हसली. मला तेव्हाच तो माणूस डोक्यात गेला, तो आजतागायत उतरलेला नाही.

पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थांना उघड्या टपाची जुनी गाडी हवीशी वाटू लागली. भंगारवाल्याच्या आवारात ती ताडपत्रीखाली पडलेली होती. चाकं नव्हती, एक दिवा होता, आणि मागच्या सीटमध्ये मांजर व्यायली होती. भंगारवाला म्हणाला, ही गाडी कुठल्याशा राजदूताने बायकोसाठी मागवली होती. त्याच राजदूताचा फ्रिज त्याने आमच्या शेजाऱ्यांच्या गळ्यात मारला होता, हे मी भाऊजींना सांगितलं.

"तुला अस्सल वस्तूतलं काय कळतं?" ते म्हणाले.

झालं. गाडी टेम्पोतून घरी आली. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे ताई शिवणाचा क्लास चालवायची. मशिनी, कापायचं टेबल, मुलींचं हसणं, सगळं होतं. भाऊजींनी एका सकाळी ते सगळं बाहेर काढलं. मशिनी बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला रांगेने उभ्या राहिल्या. बेडरूममध्ये मुली कशा येणार? क्लास बंद पडला. ताईने कोणाजवळ तक्रार केली नाही, हा तिचा स्वभाव. आणि भाऊजींच्या ते लक्षातही आलं नाही, हा त्यांचा.

मग गाडी 'उभी करायचं' काम सुरू झालं. काम मेकॅनिक करायचा. भाऊजी स्टुलावर बसून मांडीवर परदेशी गाड्यांचं चित्रांचं पुस्तक उघडायचे आणि हातात टॉर्च धरायचे, तीही बहुतेक वेळा पुस्तकावर. मेकॅनिकने नवा बोल्ट लावला की "हा ओरिजिनल नाही" म्हणून काढायला लावायचे. एक जण पाना टाकून गेला तो परत आलाच नाही. दुसरा जाताना म्हणाला, "वहिनी, तुमच्याबद्दल वाईट वाटतं."

रंग ठरवण्यात वर्ष गेलं. रंगाच्या दुकानदाराचं! हिरवा हवा, पण 'तो' हिरवा. गाडीच्या दरवाज्यावर हिरव्याचे इतके पट्टे ओढले होते की आजारी माणसाला दाखवायची सोय नव्हती. शेवटी जो लावला तो पहिल्याच डब्यातला होता.

सीटांचं चामडं मात्र ताईच्या गळ्यात आलं. "शिवण येतेच ना तुला." पडदे शिवायच्या मशिनीवर चामडं शिवताना सुया मोडत होत्या, बोटं सोलवटली होती. अख्खी सीट शिवून झाल्यावर भाऊजींनी पुस्तकात पाहिलं आणि म्हणाले, टाके तिरके हवेत. तिने उसवलं. पुन्हा शिवलं. कापडी टपही तिनेच शिवला. गाडी तयार झाली तेव्हा एकच खोट उरली होती. खड्ड्यात गेली की दरवाजा आपोआप उघडायचा. भाऊजींचं म्हणणं, ताई दार आपटते म्हणून.

ती दार आपटणार कधी? तिला आत बसूच देत नव्हते. एकदा म्हणाली, "बाजारापर्यंत तरी नेऊन आणा." "प्रदर्शन होऊ दे," भाऊजी म्हणाले. "मग बघू."

जुन्या गाड्यांचं ते प्रदर्शन एका शाळेच्या मैदानावर होतं. भाऊजी चौकड्यांची टोपी आणि गळ्यात रुमाल अशा थाटात उभे होते. ताई बॉनेट पुसत होती. मी गंमत बघायला गेले होते. परीक्षक आले तसा भाऊजींनी घसा साफ केला आणि राजदूताची कथा सुरू केली. आता तिच्यात राजदूताच्या बायकोचा कुत्राही आला होता.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. चेहरा नुसता उजळलेला.

"अहो, ही तर आमची!"

"काका, तुमचा गैरसमज होतोय," भाऊजी म्हणाले. "ही राजदूताची आहे."

"कसला राजदूत! माझा फोटो स्टुडिओ होता. नवरानवरीला गाडीत उभं करून फोटो काढायची टूम होती तेव्हा. म्हणून टप मीच कापला. अंगणात, करवतीने. बायको म्हणाली, पाऊस आला तर? म्हटलं, पावसात फोटो कोण काढतं!" ते मनापासून हसले. "दरवाजे अजून उघडतात का हो खड्ड्यात? उघडतात ना? टप गेला की गाडी मधोमध वाकते. आम्ही दोरी बांधायचो."

परीक्षकांपैकी एक जण वाकला. त्याने दाराजवळचा गालिचा उचलून खाली बोट फिरवलं. जिथे पूर्वी टपाचा खांब होता, तिथे ओबडधोबड कापलेला पत्रा आणि त्यावर खाचा बुजवायला भरलेली लांबी त्याच्या बोटाला लागली. तो उठला, हात झटकले आणि शेजारच्या गाडीकडे वळला. बाकीचे त्याच्यामागून गेले.

म्हाताऱ्यांना यातलं काही समजलं नाही. ते सीटवरून हात फिरवत होते. "शिवण फार सुंदर झालीय. कोणी केली?"

"मी," ताई म्हणाली. त्या गाडीबद्दल तिला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

भाऊजींचा चेहरा चुन्याच्या डब्यासारखा झाला होता. "भ्रमिष्ट आहे तो म्हातारा," ते पुटपुटले. मग त्यांचं पोट दुखू लागलं. टोपी खिशात कोंबून ते टॅक्सीने घरी गेले. बायकोला मैदानात सोडून गेले, गाडीही सोडून गेले. मला नवल वाटलं नाही.

ताईने डिकीतून टोपी नाही, गॉगल नाही, साधं फडकं काढलं, आरसा पुसला आणि स्टिअरिंगवर बसली. दुकानाचा टेम्पो ती कितीदा तरी चालवायची. दोन्ही दरवाजे आम्ही माझ्या ओढणीने आतून एकमेकांना बांधले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वारा असा भणाणला की बोललेलं ऐकू येईना. ताई काहीतरी ओरडून सांगत होती आणि हसत होती. तिचं ते हसणं मी क्लास बंद पडल्यापासून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी भंगारवाल्याला बोलावलं.

"गाडी जाणार नाही," ताई म्हणाली.

"तुला काय करायचीय ती नकली गाडी?"

"चालवायचीय. आणि शेड मला परत हवीय."

तिचा आवाज चढला नाही. भंगारवाला रिकामाच परत गेला. गाडी रस्त्यावर झाडाखाली गेली, मशिनी शेडमध्ये आल्या. आता क्लासमधल्या मुलींनी शिवलेले कपडे पोचवायला ताई तीच गाडी काढते. हिरव्या रंगावर कावळे आपलं काम करून जातात. ती पुसते, नाहीतर नाहीही पुसत.

भाऊजी महिनाभर फुगून बसले. मग एके दिवशी टोपी घालून गुपचूप शेजारच्या सीटवर येऊन बसले. परवा मीही मागे होते. सिग्नलला एका स्कूटरवाल्याने कौतुकाने विचारलं, तर हा माणूस कोपर दारावर टेकून म्हणतो, "बंद गाडी होती. मुद्दाम कापून घेतलीय. अशी एकच आहे."

माझ्या तोंडातून काहीतरी निघणार होतं. ताईने आरशातून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

ते दुकानात उतरल्यावर मी तिला विचारलं, "यांना कशाला सोबत घेतेस?"

"अगं, रस्ते सांगतात."

खरंच सांगतात. त्या दिवशी दोनदा डावीकडे वळ म्हणाले, आणि दोन्ही वेळा गल्ली पुढे बंद होती.