उलटा पंखा

ही गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नाही. सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका वकीलसाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. एका रविवारी हौसेने इंजिनचा पंखा काढला, त्याला चंदेरी रंग मारला आणि परत बसवला. दुसऱ्याच दिवशी कुहीच्या रस्त्यावर गाडी उकळली.

जरीपटक्यातला आमचा मिस्त्री आधी हात पुसायचा, डोळे मिटून इंजिन ऐकायचा, मगच बोनेट उघडायचा. तपासायचं त्याचं यंत्र म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. चालू इंजिनासमोर त्याने तो रेडिएटरच्या जाळीवर धरला. पंखा नीट ओढत असला की कागद चिकटून राहतो. आमचा घसरून पडला.

"पंखा उलटा बसला साहेब. हवा ओढून राहिला, पण अर्धीच."

"कोणी बसवला?" साहेब ओरडले.

मागच्याच आठवड्यात मिस्त्रीने वॉटर पंप बदलला होता, आणि त्यासाठी पंखा काढावाच लागतो. नोकरी जाईल या भीतीने मी म्हणालो, "यांनीच."

त्याने माझ्या नखांतला चंदेरी रंग पाहिला आणि पंखा सुलटा केला. साहेब गाडीत बसल्यावर हळूच म्हणाला, "रंग मस्त मारला गा तू. बाजू तेवढी पाहत जाय."

साहेबांनी कोर्टात सगळ्यांना सांगितलं. वकिलांच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या थांबल्या. तो गाव सोडून जाईपर्यंत मी तीनदा सायकलने त्याच्याकडे गेलो. प्रत्येक वेळी त्याने चहा पाजला, माझ्या लेकरांची चौकशी केली. आणि "पंखा मी बसवला होता दादा, माझं चुकलं," एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.