कॅमेऱ्यानं पसंत केलेलं स्थळ

चहा येऊ दे, मग सांगतो. पण एक अट हाय, मधी कुणी हसायचं न्हाय. काय हसायचं ते शेवटी एकदम हसा. मधी हसलासा की मला पुढचं सांगायची लाज वाटती.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला हाय, हे तुम्हाला ठाऊकच हाय. म्हणजे काय, तर ओतून आलेला माल हातात घ्यायचा, उजेडात फिरवून बघायचा, आन कुठं केसाएवढी चीर दिसली की लाल फुली मारून बाजूला ठेवायचा. एवढी वर्षं हेच केलं. त्यामुळं झालं काय, आई दाखवील त्या स्थळात मला चीर दिसायला लागली. एकीचं बोलणं लई हळू, दुसरीचं लई मोठ्यानं. पस्तिशी जवळ आली तसं उलटं झालं. आता मुलीवालेच मला उजेडात फिरवून बघायचे आन फुली मारायचे.

मग मी कॅमेरा घेतला. लग्नाच्या नादातनं सुटायचं म्हणून म्हणा की. मिररलेस कॅमेरा, आन त्याला मनगटापासनं कोपरापर्यंत भरंल एवढी टेलिफोटो झूम लेन्स. गच्चीवर उभं राहिलं की हिंडलग्याकडच्या तारेवरचा खंड्या दिसायचा, त्याच्या चोचीतल्या माशासकट. मला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतंय.

आमच्या जत्रेत कुस्तीचं मैदान असतं. त्या वर्षी माझा चुलतभाऊ संत्या उतरणार होता. पोरगं पहाटे उठून दोन वर्षं तालमीत घाम गाळत होतं. तालमीची पोरं म्हणाली, संत्या जिंकला की गावाच्या वेशीवर बॅनर लावायचा, बेळगावातनं फोटोवाला बोलवूया. मी म्हटलं, "घरात एवढी तोफ असताना भायेरचा माणूस कशाला रं?" झालं. जबाबदारी माझ्यावर.

आता तुम्हाला थोडं कॅमेऱ्यातलं सांगावं लागंल. कंटाळू नका, पुढं लागतंय. लेन्सवर एक बटण असतंय. एका अंगाला ऑटो, दुसऱ्या अंगाला मॅन्युअल. मॅन्युअलवर टाकलं की फोकस आपल्या हातानं, रिंग फिरवून करायचा. जे काय शार्प येईल ते आपलं काम, जे धूसर येईल तेबी आपलंच. ऑटोवर टाकलं की कॅमेराच ठरवतो. माणसाचा चेहरा शोधतो, डोळा पकडतो, आन माणूस हालला तरी सोडत न्हाय.

मैदानात मी आधी मॅन्युअलवर बसलो. अभिमान असतोय की माणसाला. पहिली जोड लागली. मी रिंग फिरवली, संत्याच्या तालमीतला पोरगा शार्प झाला, आन मी फोटोचं बटण दाबेस्तोवर तो उताणा. दुसऱ्या जोडीला तेच. पैलवान काय माझ्या रिंगसाठी थांबतोय व्हय? मग संत्याचं नाव पुकारल्यावर मी गुपचूप बटण ऑटोवर सरकवलं.

हलगी वाजायला लागली. संत्यानं माती कपाळाला लावली, हात मिळवला, आन मी फोटोचं बटण दाबून धरलं ते कुस्ती संपेपर्यंत सोडलंच न्हाय. संत्यानं समोरच्याला एकलंगी डावावर आडवा केला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो. आन मनात म्हटलं, सगळं आलंय आपल्याकडं, एक क्षण सुटलेला न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सोप्यात सगळं घर जमलं. आई, वहिनी, दादा, संत्या आन संत्याची आई. मी कार्ड टीव्हीला लावलं.

पहिला फोटो. पुढं लालसर असं कायतरी धूसर, म्हणजे आमचा संत्या. आन मागं, बायकांच्या बैठकीत, एक मुलगी. निळा ड्रेस, उन्हाला कपाळावर हात धरलेला, तोंडभर हसू. एवढी शार्प की पापणीचा केस न् केस मोजावा.

मी म्हटलं, "हा हुकला." दुसरा लावला. संत्या धूसर, मुलगी शार्प. तिसऱ्यात मुलगी टाळ्या वाजवत होती. चौथ्यात ओढणी सारखी करत होती. मी पुढं पुढं जातोय आन टीव्हीवर ही आपली हसतीया, काळजीनं बघतीया, ओठ चावतीया, उठून उभी राहतीया. संत्याची सगळी कुस्ती तिच्या तोंडावर दिसली, संत्या मात्र दिसला न्हाय.



"अण्णा," संत्या मला म्हणाला, "मी जिंकलो की न्हाय तेवढं तरी दिसंल काय रं कशात?"

आई पुढं सरकून बसली. "कोण रं ही?"

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक न्हाय, आन एवढं फोटो?"

"आई, मी न्हाय काढलं. कॅमेऱ्यानं काढलं."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. "भावजी, एक-दोन असते तर मानलं असतं आम्ही."

मी ऑटोफोकस समजावून सांगायला लागलो. चेहरा, डोळा, सगळं. जेवढं सांगीन तेवढं ह्यांचं हसू वाढाय लागलं. दादा म्हणाला, मग दाखव करून. मी कॅमेरा आणला, संत्याला पुढं उभं केलं, मागं वहिनीला बसवलं. म्हटलं आता बघा, कॅमेरा कसा मागच्याला पकडतो ते. कॅमेऱ्यानं शहाण्या पोरासारखा संत्याचा डोळा पकडला. परत केलं, परत संत्या. दहा वेळा केलं असतं तरी संत्याच.

आईनं डोळ्याला पदर लावला. "असू दे रं बाळा. लाजू नगंस. एवढ्या वर्षांनी तुला कुणीतरी चीर न्हाय असं दिसलं, मला त्यातच आलं सगळं."

आता बोला. आईच्या डोळ्यात पाणी, तिथं मी डोळा-चेहरा काय समजावणार?

वहिनीचं माहेर कडोली. तिनं टीव्हीवरचा फोटो मोबाईलवर घेतला आन माहेरच्या ग्रुपवर टाकला. चहा व्हायच्या आत उत्तर आलं. आमच्याच गल्लीतली की ही, अश्विनी, मराठी शाळेत शिकवती, तिच्या वर्गातल्या पोरीची कुस्ती होती म्हणून आलती, लग्नाचं बघालेत. वहिनीच्या काकांनी मधी पडून विचारलंसुद्धा. मुलीचे वडील आप्पा म्हणाले, मुलगा स्वतः बघून पसंत करून आलाय म्हणताय, तर येऊ द्या की.

मी कुठं बघितली होती हो? पण आता न्हाय म्हणायचं म्हणजे मुलीचं नाव घालवायचं. आन व्हय म्हणायचं म्हणजे मैदानात बसून बायकांचे फोटो काढणारा लोफर मी. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी गप बसलो. आन त्या गप बसण्यात एक घोटाळा झाला. घरात कुणी नसताना मी ते फोटो परत उघडले. आधी बघत होतो ते संत्याची कड शार्प हाय का न्हाय म्हणून. आता तिच्याकडं बघितलं. कुणाची तरी दुसऱ्याची कुस्ती, आन ही पोरगी जीव टाकून बघतीया. हारलेल्या पैलवानासाठीसुद्धा टाळी वाजवतीया. मला ती आवडली हो. लई आवडली. चीर शोधायचं सुचलंसुद्धा न्हाय.

मग गप राहायचं की न्हाय? पण मी क्वालिटीतला माणूस. माल बिघडला की कारण सापडल्याशिवाय आम्हाला भाकरी गोड लागत न्हाय. घरात कॅमेरा संत्याला पकडतो आन मैदानात का पकडला न्हाय? कडोलीला जायच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर बसून सगळं तपासलं, आन सापडलं कारण.

माझं नाक.

हसू नका म्हटलंय की. ऐका. ह्या कॅमेऱ्याची मागची स्क्रीन मोबाईलसारखी असती. जिथं बोट लावाल तिथं फोकस जातो, तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरला असला तरी. माझा उजवा डोळा अधू, म्हणून मी डावा लावतो. डावा लावला की नाक टेकतंय स्क्रीनवर, उजव्या अंगाला. मैदानात मी कॅमेरा तोंडावर दाबून धरलेला. नाकानं फोकस नेला उजवीकडं बायकांच्या बैठकीत, तिथं कॅमेऱ्याला चेहरा मिळाला, त्यानं धरला आन सोडला न्हाय. घरात दाखवताना मी कॅमेरा हातभर लांब धरून स्क्रीनवर बघत होतो, नाकाचा संबंधच आला न्हाय. मला एवढा आनंद झाला की, जिना उतरताना पडायचा राहिलो.

कडोलीला जाताना गाडीत वहिनीनं बजावलं. "भावजी, ती विचारंल, फोटो का काढलासा म्हणून. एवढंच म्हणायचं, आवडलासा म्हणून काढले. पुढं एक शब्द न्हाय."

"व्हय," म्हटलं.

पोहे झाले, चहा झाला. आप्पा माणूस मोकळा. म्हणाले, तुम्ही दोघं माडीवर बसून बोला जरा. माडीवर गेलो. तिनं खिडकी उघडली, समोर बसली, आन सरळ विचारलं.

"माझे एवढे फोटो का काढलासा?"

तोंडापर्यंत आलतं हो, आवडलासा म्हणून. त्यात खोटं काय नव्हतं. पण कारण सापडलेलं ना, ते पोटात राहीना. मी म्हटलं, "त्याचं काय झालं, माझ्या नाकानं..."

आन मी सगळं सांगितलं. स्क्रीन, डावा डोळा, उजवं अंग. नाक टेकवून दाखवलं. तिच्या टेबलावरच्या पुस्तकाचा कॅमेरा करून दाखवला.

ती खळखळून हसली. मला वाटलं, जमलं.

"म्हणजे मैदानात तुम्ही मला बघितलंच न्हाईसा?"

"अजिबात न्हाय."

"आन घरी फोटो बघताना?"

"तवा मी संत्याला बघत होतो. त्याच्या कडा शार्प हायत का म्हणून."

"मग? काय ठरलं?"

"काय ठरणार, एकसुद्धा चांगला नव्हता. सगळे रिजेक्ट केले."

खिडकीतनं खालच्या म्हशीचं रवंथ करणं ऐकू यायला लागलं. मला म्हणायचं होतं की नंतर बघितलं, एकटं बसून बघितलं, आवडलासा. पण जीभ वळली न्हाय. फौंड्रीतल्या मालाला कधी आवडलास म्हणायची सवय नसती ना.

ती उठली. रागावली नव्हती. म्हणाली, "खरं बोललासा, बरं वाटलं. ते रिजेक्ट केलेले फोटो मला पाठवशीला?"

मी जिना उतरलो तो उडतच. गाडीत सगळ्यांना सांगितलं, तिनं फोटो मागितलेत. आई म्हणाली, झालं म्हणा की. मी त्यातला कपाळावर हात धरलेला फोटो निवडला, संत्याचा लाल डाग कडेनं कापून टाकला, उजेड सारखा केला आन पाठवला. आयुष्यात एवढं मन लावून कुठलं काम केलं नव्हतं.

आठवडाभर वहिनी फोनकडं बघत होती आन मी वहिनीकडं. शेवटी तिच्या काकांचा फोन आला. वहिनी ऐकत राहिली, मग फोन ठेवून माझ्यासमोर बसली.

"भावजी, निपाणीचं स्थळ जमलं अश्विनीचं."

"निपाणीचं? कसं काय?"

"बायोडाटावरचा फोटो बघून मुलगा एका पायावर तयार झाला म्हणे." वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, "फोटो तुमचाच हाय."

मी म्हटलं, चांगलं झालं. आन आत जाऊन लेन्स पुसत बसलो. पुसण्यासारखं काय नव्हतं तिच्यावर.

पुढं तिचाच फोन आला. म्हणाली, लग्नाला या, फोटो तुम्हीच काढायचे. मग हसून म्हणाली, "आन ह्या वेळी बघून काढा."

गेलो. न्हाय म्हणून सांगतो कुणाला? पण मनाशी ठरवलं, ह्या वेळी यंत्राच्या भरवशावर राहायचं न्हाय. लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर टाकलं. स्क्रीनचा स्पर्श बंद केला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, मी लांब मंडपाच्या खांबाला टेकून उभा. रिंग हळूहळू फिरवली. कुणाला घाई नव्हती, पैलवान कुणी नव्हता. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, हार घातले, सप्तपदी झाली. एकेक फोटो जपून काढला. असं काम माझ्या हातनं परत होणार न्हाय.

दुसऱ्या दिवशी सोप्यात परत सगळे जमले. मी कार्ड टीव्हीला लावलं. ती हार घालताना, ती हसताना, ती आईच्या गळ्यात पडताना. सगळे फोटो काचेसारखे. मी छाती काढून उभा.

संत्यानं पाच-सहा फोटो बघितले. मग म्हणाला, "अण्णा, नवरा कुठं हाय रं?"

"हा काय, शेजारी."

"हा व्हय? मला वाटलं, मागं पडदा लावलाय."

कुणी हसलं न्हाय. आईनं माझ्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मग एकदम मायेनं विचारलं, "कॅमेऱ्यानंच केलं न्हवं रं बाळा हे?"

"न्हाय आई," म्हटलं. "काल कॅमेरा मॅन्युअलवर होता."