जंगलाच्या वाटेवरचे पौलस मास्तर

जंगलाच्या वाटेवर पौलस मास्तर भेटले की आधी खिसे दाखवावे लागत. रामराम-नमस्कार मागाहून. सागाची पानं गळून जंगलात पावलाखाली करकर वाजायला लागलं, की हा माणूस सकाळी सकाळी प्रार्थनाघराच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची माचिस काढून घ्यायचा. "संध्याकाळी येजो, देतो," म्हणायचे. आणि खरंच द्यायचे. ज्याची त्याला, अदलाबदल न होता. कोणी कुरकुरलं, "मास्तर, मग बिडी कशी पेटवू?" तर उत्तर तयार असे. "नोको पेटवू. एक दिवस फेफडे बी सुटीवर जाऊ दे."

मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पुढे गावाचा सरपंच झालो, तरी माझी सुटका नव्हती. एकदा मी जरा तोऱ्यात पुढे निघालो, तर त्यांनी मागून हाक मारली, "सरपंच झाला म्हनून तुही काडी थंडी जळते का गा?" सोबतचे सगळे हसले. मी मुकाट्याने खिसा उलटा केला.

आमचं गाव नवेगाव बांधच्या तळ्यापलीकडे, जंगलाला चिकटून. घरं बहुतेक धानाच्या शेतीवाल्यांची. ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. गोंदियाहून फादर महिन्यातून एखादा रविवार यायचे, बाकीचे रविवार आणि मर्तिकं-बारशी मास्तरांच्या अंगावर. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर ते पूर्ण वेळ देवाचे आणि झाडांचे झाले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. प्रार्थनाघरामागे एक मोहाचं जुनं झाड होतं. त्याची फुलं वाळवून ते ईस्टरला लाडू करायचे आणि गावातल्या झाडून सगळ्या पोरांना वाटायचे.

त्यांचं भांडण होतं ते आगीशी. मोह पहाटे गळतो. पाचोळ्यात पडलेली फुलं वेचता येत नाहीत, म्हणून हंगामाच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी करायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. काळ्या भुईवर पिवळी फुलं कशी झकास दिसतात! पण ती आग झाडाखाली थांबते थोडीच? वारा सुटला की डोंगर पेटतो. मास्तर म्हणत, खराट्याने झाडा. आणि या बाबतीत त्यांच्या सगळ्यात कट्टर विरोधक होत्या भागरथाबाई, म्हणजे माझी माय. ती म्हणायची, "झाडं गंज, कंबर एकच. तुमी या झाडाले मास्तर!" गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ. मास्तर खरोखरच खराटा घेऊन जायचे, दोन-तीन झाडांखाली झाडायचे आणि कंबर धरून परत यायचे. मायला फार आनंद व्हायचा.

त्यांचं सांगणं साधं होतं. "देवानं आदमाले बगीचा देल्ला, सातबारा नाही देल्ला. जागलीवर ठेवलं होतं त्याले. आन् आपन जागले असून मालकाचंच पीक पेटवून राहिलो." हे ते प्रार्थनाघरात सांगत, चावडीवर सांगत, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत.

एकदा गोंदियाला हवामान बदलाच्या आराखड्यावर सरकारी बैठक होती. सरपंच म्हणून मला बोलावणं होतं, मी मास्तरांना सोबत नेलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. पाऊस कसा मागेपुढे होतोय, धान कसं पोचट राहतंय, जंगल राखलं तर काय वाचेल. त्यांना ते मनापासून पटलं. शेवटी हात वर करून म्हणाले, "साहेब, आराखडा बढिया आहे. फक्त पश्चात्ताप कोनत्या पानावर आहे, ते सांगा." सभागृहात हशा पिकला. साहेबही हसले, पण चांगला माणूस होता. म्हणाला, "मास्तर, ते खातं आमच्याकडे नाही. ते तुम्ही सांभाळा."

परतीच्या वाटेवर, गाव जवळ आल्यावर मास्तर म्हणाले, "बराबर बोलला तो. पन पश्चात्ताप म्हंजे नुसतं रडनं नाही ना बाबू. नियम करा लागते."

आणि त्यांनी नियम करवून घेतला. आमच्या ग्रामसभेला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळालेला होताच. मास्तर घरोघर फिरले, माझ्या मायच्या शिव्या खाल्ल्या, आणि ठराव झाला. ज्याच्या हातची आग जंगलात शिरेल, त्याने त्या हंगामात मोह वेचायचा नाही आणि पाऊस पडेपर्यंत जंगलाची जागल करायची. हात वर झाले खरे, पण मनातून कोणाचाच विश्वास नव्हता. असे किती ठराव पंचायतीच्या कपाटात झोपले आहेत. पहिला दोषी कोण निघतो आणि त्याचं काय होतं, एवढ्यावर सगळं अवलंबून होतं.

पहिले दोषी निघाले पौलस मास्तर.

ख्रिस्ती लोकांत ईस्टरच्या आधी उपवासाचा काळ असतो. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. त्या दिवशी कपाळावर राख लावून माणसाला आठवण करून द्यायची, की बाबा, तू मातीचा आहेस, केल्याचा पश्चात्ताप कर. ही राख करतात आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून. आमच्याकडे त्या शिंदीच्या असत. त्या वर्षी उपवास उशिरा आले होते, ऊन तापलं होतं. मंगळवारी दुपारी मास्तरांनी मागच्या अंगणात घमेल्यात झावळ्या पेटवल्या. वावटळ आली, एक जळती झावळी उचलली गेली आणि कुंपणापलीकडच्या पाचोळ्यात पडली. आम्ही सारं गाव डहाळ्या घेऊन धावलो. संध्याकाळी आग विझली तेव्हा टेकडीची एक अख्खी बाजू काळी झाली होती. मास्तर तिथेच बसून होते. हातात डहाळी, भुवया होरपळलेल्या, आणि लहान मुलासारखे हुंदके देत होते. माझ्याने त्यांच्याकडे बघवलं नाही.

ग्रामसभेत लोक म्हणाले, जाऊ द्या, देवाचं काम होतं, म्हातारा माणूस आहे. मलाही तेच हवं होतं. एकटी माय उभी राहिली. "काऊन जाऊ द्या? माह्या हातून झालं असतं तर सोडलं असतं का? नियम सगळ्याईले सारखा." मला तिचा संताप आला. पण मास्तर उठले. म्हणाले, "भागरथाबाई बराबर बोलून राहिली. मले सोडसान त नियम मरन. मंग मी कोनाची माचिस कोन्या तोंडानं मागू?"

शिक्षा मी सुनावली.

त्या वर्षी ईस्टरला लाडू झाले नाहीत. मास्तर मात्र सत्तरीच्या वयात रोज उन्हातान्हात टेकड्या तुडवत होते. कुठे धूर दिसला की धापा टाकत धावत. आणि मग गावात एक गंमत झाली. लोक आग लावायला कचरू लागले. काडी ओढली की मास्तर धावत येणार, आणि एखाद्या दिवशी छाती धरून तिथेच बसणार, हे डोळ्यांसमोर येई. एका पहाटे मी पाहिलं, तर माय खराटा घेऊन निघालेली. मी काही बोलायच्या आतच खेकसली, "पाहून काय राहिला? तो बुढा मरन ना धावू धावू!"

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी मास्तर आमच्या दारात आले, हातात वाटी. मायला म्हणाले, "बाई, चुलीतली राख देजा थोडी. आता मी झावळ्या जाळत नाही. फादरले इचारलं, चालते म्हने." मायने राख वस्त्रगाळ करून दिली आणि वर चहा पाजला. त्या बुधवारी ख्रिस्ती घरांच्या कपाळांवर आमच्या चुलीची राख होती.

गेल्या पावसाळ्यात मास्तर न्यूमोनियाने गेले. मातीला सगळं गाव होतं. माय गेली नाही. "मले नाही पाहवत," एवढंच म्हणाली.

यंदा राखेच्या बुधवारी सकाळी नवे, तरुण फादर वाट विचारत आमच्या घरी आले. मास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं असावं. मायने राख आधीच चाळून ठेवली होती. तिने वाटी त्यांच्या हातात दिली, पण ती आत गेली नाही. तिथेच उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर मागे सारून फादरांपुढे कपाळ केलं.

"आजी, ही आमच्या धर्मातली..." फादर गडबडून म्हणाले.

"माहीत आहे मले," माय म्हणाली. "तरी लाव बाबू थोडी. मीनंबी आजवर गंज जाळलं."